फियाटचा पेट्रोल काटा: नवीन फ्लोटचे 1450 वाया गेले, नाना पेठेतल्या मीटरवाल्या काकांनी जुनाच चालू करून दिला

आमच्याकडे 1974 ची पद्मिनी आहे, कागदावर पद्मिनी, घरात मात्र सगळे फियाटच म्हणतात, आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. ह्या गाडीच्या पेट्रोलच्या काट्यासाठी मी सात महिने हिंडलो. ज्यांच्याकडे जुनी फियाट, अ‍ॅम्बेसेडर, जीप असं काही आहे त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण मला शोधताना मराठीत कुठेच नीट माहिती मिळाली नाही आणि पैसे वाया गेले ते गेलेच.

झालं असं की गेल्या पावसाळ्यात आई, बायको आणि मी नारायणपूरला निघालो होतो, काटा पावच्या थोडा वर दाखवत होता, म्हटलं आरामात जाऊन येऊ, आणि खेड शिवापूरच्या अलीकडे गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली. मी आधी कार्बोरेटर बघितला, मग पंप, मग प्लग. पाऊस चालू, हायवेवरनं ट्रक जातायत, आई मागच्या सीटवर गप्प बसून, आणि अर्ध्या पाऊण तासाने लक्षात आलं की टाकीत थेंब नाहीये. काटा अजूनही पावच्या वरच. त्या दिवशी खरंच घाबरलो होतो, गाडी बंद पडली त्यापेक्षा काट्यावर विश्वास ठेवून आईला असं रस्त्याच्या कडेला बसवलं ह्याचं फार वाईट वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, टाकीच्या आत एक दांडी असते तिच्या टोकाला फ्लोट, पेट्रोल वरखाली झालं की फ्लोट हलतो, दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी पितळी जीभ असते ती बारीक तारेच्या वेटोळ्यावरनं सरकते, त्यामुळे रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) कमीजास्त होतो आणि डॅशबोर्डवरचा काटा त्याप्रमाणे फिरतो. ह्या सगळ्या वस्तूला स्पेअरवाले टँक युनिट म्हणतात, मेकॅनिक लोक नुसतं फ्लोट म्हणतात. दुकानात जाऊन फ्लोट मागितला तर काही जण कार्बोरेटरचा फ्लोट काढून देतात म्हणून टाकीचा फ्लोट असं स्पष्ट सांगा.

नेहमीच्या गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला, युनिट गेलंय, नवीन आणा, जुनं फेकून द्या. आणा म्हणजे कुठून ते नाही सांगितलं. मी पुण्यात नाना पेठ, भवानी पेठ पालथी घातली, जुन्या बाजारात तीन रविवार आणि दोन बुधवार गेलो, मुंबईला कामासाठी गेलो तेव्हा कुर्ल्याला सीएसटी रोडवर आणि ऑपेरा हाऊसकडच्या स्पेअरच्या दुकानांत विचारून आलो. एका वयस्कर दुकानदाराने जे सांगितलं ते पटलं. ते म्हणाले की फियाटचा माल आम्ही कशासाठी ठेवायचो तर टॅक्सीसाठी, घरगुती गाड्यांवर दुकान चालत नाही. आणि ते खरंच आहे, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेव आरटीओला रजिस्टर झाली होती, 20 वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये तीही रस्त्यावरनं गेली. हजारो काळ्यापिवळ्या होत्या तोपर्यंत ब्रेकचं किट, क्लच प्लेट, बल्ब काहीही मिळायचं, आता गिऱ्हाईकच नाही तर माल कोण भरणार. ज्या गाड्या कुर्ल्यातच बनल्या त्यांचा पार्ट कुर्ल्यात मिळू नये ह्याचं मला फार लागलं, पण दुकानदाराची काही चूक नाही.

कुर्ल्याला भंगारात टॅक्सीतनं निघालेला एक युनिट 300 रुपयांना मिळाला होता, तोही घेतला. घरी आणून बघितलं तर आतून पूर्ण गंजलेला, दांडी जागची हलेना. नंतर काकांकडून कारण कळलं, ह्या टॅक्सी वर्षानुवर्षं सीएनजीवर पळायच्या, पेट्रोलची टाकी जवळपास कोरडी, कोरड्या टाकीत दमट हवा खेळते आणि पत्र्यासकट सगळं गंजतं. म्हणून टॅक्सीचा युनिट घेताना दांडी हाताने वरखाली करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझा गंजका युनिट पुढे थोडा उपयोगी पडला ते येईलच.

मग ऑनलाइन एकाकडे नवीन टँक युनिट सापडला, फोटोत अगदी छान, वर्णनात फियाट पद्मिनीला हमखास बसेल असं लिहिलेलं, किंमत 1450 अधिक कुरियर. चार दिवसांत आला. आता ह्या मालाबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. वरची चकती चांगली, प्लेटिंग चकचकीत, स्क्रूची भोकं बरोबर जुळली, चकतीखाली बसवायचं पॅकिंग (गॅस्केट) सोबत दिलं होतं. एवढंच चांगलं. बसवल्यावर 20 लिटर पेट्रोल टाकलं तर काटा फुलला जाऊन चिकटला, टाकी 38 लिटरची आहे म्हणजे अर्ध्याच्या थोडं वर दाखवायला पाहिजे. तीनचार दिवस चालवली तरी काटा फुलच, आणि मग अचानक दोन दिवसांत भसकन खाली, रिकामी. टाकी उपसून मोजलं तर आत 9 लिटर शिल्लक. म्हणजे खोटं बोलण्याची दिशा बदलली फक्त. विकणाऱ्याला फोटो, व्हिडिओ पाठवले, त्यांचं उत्तर आलं की एकदा बसवलेला माल परत घेत नाही, तुमचं मीटर (म्हणजे डॅशबोर्डवरचा काटा) खराब असेल. वाद घालून उपयोग झाला नाही.

असं का होतं ते मला नंतर समजलं आणि ही गोष्ट खरेदीच्या आधी प्रत्येकाने समजून घेतली पाहिजे. प्रत्येक कंपनीच्या मीटरला वेगळ्या रेझिस्टन्सचा युनिट लागतो. जुन्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत रिकाम्या टाकीला 0 ओहम आणि भरलेल्या टाकीला 90, फोर्डमध्ये उलटं, रिकामी 73 आणि भरलेली 10 च्या आसपास, व्हीडीओ (VDO) कंपनीच्या मीटरला रिकामी 10 आणि भरलेली 180, आणि बाजारात जे युनिव्हर्सल म्हणून मिळतात ते बहुतेक 240 ते 33 वाले. म्हणजे एकाचा युनिट दुसऱ्याच्या मीटरला लावला की भोकं जुळतील, दांडी हलेल, काटाही हलेल, पण दाखवेल ते सगळं चुकीचं. आपल्याकडच्या गाड्यांत पन्नास वर्षांत कोणी मीटर बदललं, कोणी युनिट बदलला काही भरवसा नाही, तेव्हा इंटरनेटवरचा आकडा बघून ऑर्डर करू नका, आपल्या गाडीतला जुना युनिट काढा, दांडी पूर्ण खाली आणि पूर्ण वर धरून मल्टिमीटरने दोन्ही आकडे मोजा, ते कागदावर लिहा, आणि विकणाऱ्याला तेच आकडे विचारा. जो आकडे सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका. मी विचारलेच नव्हते.

आता ज्यांच्यासाठी लिहायला बसलो ते मीटरवाले काका. नाना पेठेत स्पेअरच्या दुकानांच्या मागच्या बोळात एका जिन्याखाली त्यांची जागा आहे, दोन माणसं उभी राहतील एवढीच. पाटी नाही. त्यांचं नाव आणि नंबर देऊ नका असं त्यांनी स्वतः सांगितलंय कारण सत्तरी उलटलीय आणि आहे तेवढं काम पुरतं, त्यामुळे देत नाही, पण त्या भागात कुठल्याही जुन्या स्पेअरवाल्याला जुन्या गाड्यांचे मीटर उघडणारे काका विचारलंत तर हात करून दाखवतील. मला तसंच सापडले.

मी नवीन, जुना आणि गंजका असे तिन्ही युनिट पिशवीत घालून घेऊन गेलो होतो. त्यांनी पिशवीत बघितलंच नाही, आधी विचारलं, "अर्थिंग बघितली का?" मी म्हटलं नाही. "मग आधी घरी जा. युनिटच्या बॉडीपासून चासीला एक वायर जोडा आणि काटा बघा. निम्म्या गाड्या तेवढ्यावर बऱ्या होतात, उगाच माझे पैसे कशाला भरता." गिऱ्हाईक दारात उभं असताना त्याला परत पाठवणारा माणूस मी बऱ्याच वर्षांनी बघितला. घरी येऊन वायर जोडली तर जुन्या युनिटवर काटा थोडासा सरळ झाला पण पावच्या खाली जाईना. म्हणजे अर्थिंग पण खराब होती आणि युनिट पण. दोन वर्षांपूर्वी गाडी रंगवली तेव्हा टाकी जिथे बॉडीला बसते तिथेही रंग मारला होता, रंगावरनं करंट जात नाही. तेव्हापासूनच टाकी फुल केली तरी काटा पूर्ण फुलला जात नव्हता, मी समजत होतो वयामुळे.

दुसरी तपासणी पण त्यांनीच सांगितली, मीटर बरं आहे की नाही ती. युनिटवरची वायर काढायची, इग्निशन चालू करायचं, वायर मोकळी असताना काटा एका टोकाला असतो, बॉडीला क्षणभर टेकवली की दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. गेला तर मीटर आणि वायरिंग दोन्ही ठीक, दोष टाकीत. फक्त हे करताना टाकीचं तोंड आणि युनिटचं भोक दोन्ही बंद पाहिजेत, वायरला लांब तुकडा जोडून टाकीपासून दूर टेकवा कारण ठिणगी उडते, आणि टेकवून धरून ठेवू नका. युनिट बाहेर काढायचा असेल तेव्हा तर बॅटरीचा टर्मिनल आधी काढा, डिकी उघडी ठेवून मोकळ्या हवेत काम करा, हे मी कळकळीने सांगतोय, पेट्रोलच्या वाफेशी खेळू नये.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी माझा जुना युनिट उघडला आणि मला शेजारी स्टुलावर बसवून दाखवला. पत्र्याचं छोटं झाकण, चार कान वाकवून बसवलेलं, ते त्यांनी पातळ पट्टीने एकेक कान उचलून उघडलं. आत साधारण बोटभर लांबीची फायबरची पट्टी, तिच्यावर केसासारख्या बारीक तारेचे शेकडो वेढे. भिंगातून बघितलं तेव्हा पितळी जीभ फिरून फिरून तारेवर चर पडलेला स्पष्ट दिसला, आणि एका जागी तार तुटून तिचं टोक वर आलेलं, कुसळासारखं. जीभ खाली येताना बरोबर त्या कुसळाला अडकायची. ती जागा म्हणजे पाव टाकी. खेड शिवापूरला आम्हाला थांबवणारी वस्तू ती एवढी होती, नखाच्या टोकावर मावेल अशी.

मग त्यांनी नवीन युनिट उघडून जुन्याच्या शेजारी ठेवला. जुन्याची पट्टी एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळती होत गेलेली, नवीनची पट्टी सरळ, आयताकृती. मला वाटलं जुनी झिजलीय. काका म्हणाले, "झिजली नाही, मुद्दाम कापलीय. तुमची टाकी काय चौकोनी डबा आहे का?" टाकीचा आकार वर वेगळा, खाली वेगळा, दांडी गोलात फिरते, त्यामुळे फ्लोट तेवढाच खाली आला तरी प्रत्येक वेळी सारखंच पेट्रोल कमी झालेलं नसतं. तो फरक भरून काढायला पट्टीची रुंदी बदलत नेलेली असते, म्हणजे कुठे एका वेढ्यात तार जास्त, कुठे कमी. नवीन बनवणाऱ्याने बाहेरून हुबेहूब नक्कल केली, आत सरळ पट्टी टाकली. पन्नास वर्षांपूर्वी कारखान्यात कोणीतरी एवढा विचार करून पट्टी कापली होती हे बघून मला खरंच भरून आलं, आणि गॅरेजवाला म्हणत होता फेकून द्या.

दुरुस्ती अशी केली, जुनीच पट्टी ठेवली, तार पूर्ण उतरवली, तिची जाडी मायक्रोमीटरने मोजली, त्यांच्याकडच्या डब्यातून तशीच इनॅमलवाली (वर वीज न जाऊ देणारा पातळ थर असलेली) रेझिस्टन्स तार काढली आणि हाताने फिरवायच्या छोट्या यंत्रावर वेढे घालत गेले, मधे बोलले नाहीत, मीही बोललो नाही. मग वरच्या धारेवरचं इनॅमल बारीक पॉलिश पेपरने घासून काढलं, फक्त जीभ जिथून फिरते तेवढीच रेघ. जीभ झिजली होती ती गंजक्या युनिटमधली काढून बसवली, 300 रुपये तिथे वसूल झाले. तपासायला त्यांच्याकडे काट्याचा जुना मल्टिमीटर आहे, ते म्हणतात डिजिटलमध्ये आकडे नाचत राहतात, मधे कुठे क्षणभर तुटतंय ते कळत नाही, काट्यावर लगेच दिसतं. दांडी सावकाश फिरवली, काटा तेल ओतल्यासारखा सरकला, कुठेही हिसका नाही.

फ्लोट पितळी आहे, कानाशी हलवला तर आत डुचमळत होतं, म्हणजे कुठेतरी बारीक भोक पडून पेट्रोल शिरलं होतं. असा फ्लोट जड होतो, खाली बसतो आणि काटा कमी दाखवतो. त्यांनी गरम पाण्यात बुडवला, आतली हवा तापून जोडावरनं बुडबुड्यांची माळ निघाली, तिथे खूण केली. पण लगेच डाख दिला नाही. आतलं पेट्रोल पूर्ण काढून, पुन्हा पुन्हा गरम पाण्यातून काढून, दोन दिवस उन्हात ठेवून मगच सोल्डर केला, तोही इलेक्ट्रिक सोल्डरिंग आयर्नने, ज्योतीने नाही. कोणी घरी करणार असाल तर ह्या दोन दिवसांत घाई करू नका, आत वाफ राहिली तर फ्लोट फुटतो. आणि डाख कमीत कमी लावावा कारण वजन वाढलं की पुन्हा काटा चुकतो.

तिसऱ्या फेरीला त्यांनी डॅशबोर्डमधलं मीटर आणि टाकीची खोली मागवली होती. खोली म्हणजे युनिटच्या भोकातून लाकडी पट्टी तळापर्यंत टेकवून मोजायची, लोखंडी सळई नको. त्या मापावर दांडीची खालची आणि वरची मर्यादा ठरवली, छोटे कान आहेत ते वाकवून. खाली फ्लोट तळाला टेकायला नको, थोडं अंतर ठेवलं, म्हणजे काटा रिकामी दाखवेल तेव्हा आत थोडं शिल्लक असेल. मग मीटर, युनिट आणि बॅटरी टेबलावर जोडून माझ्याच गाडीच्या काट्यावर माझाच युनिट जुळवला. हे 1450 वाल्या वस्तूत कधी शक्य नव्हतं.

पॅकिंगबद्दल एक महत्त्वाचं. जुनं कॉर्कचं पॅकिंग त्यांनी परत लावू दिलं नाही. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर आणि जुनं कॉर्क त्यात टिकत नाही, फुगतं नाहीतर कडक होऊन भेगा पडतात, आणि टाकी फुल असताना डिकीत पेट्रोलचा वास यायला लागतो. त्यांनी व्हायटॉनच्या (पेट्रोलमध्ये टिकणारं रबर) शीटमधनं पॅकिंग कापून दिलं, महाग पडलं पण ते घ्याच. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीचा तळ गंजू नये ह्याकडे लक्ष ठेवा.

एकूण खर्च, रिवाइंडिंग आणि जुळणी 900, फ्लोट 150, पॅकिंग 200, म्हणजे 1250. नवीन नकली युनिटपेक्षा स्वस्त. वेळ मात्र लागतो, मला चार फेऱ्या आणि एकवीस दिवस लागले, फोनवर काम किती झालं विचारलेलं त्यांना आवडत नाही, बिल मिळत नाही, यूपीआय नाही, रोख न्या, दुपारी दीड ते चार बंद. ज्याला उद्याच गाडी काढायचीय त्याने तिकडे जाऊ नये. बाकी कामात एक अक्षर उणं काढायला जागा नाही. नवीन युनिटबद्दल विचाराल तर तो मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही. ज्यांच्याकडे जुना युनिटच उरला नाही त्यांनी घेतलाच तर बॉडी म्हणून घ्यावा आणि आतली पट्टी काकांसारख्या माणसाकडून आपल्या मीटरप्रमाणे बनवून घ्यावी, तसंही ते करून देतात, मी विचारून आलोय.

बसवल्यावर मी एक सकाळ घालवली, टाकी पूर्ण रिकामी करून पाच पाच लिटरच्या कॅनने भरत गेलो आणि दर वेळी काटा कुठे आहे ते टिपलं. 10 लिटरला पावच्या किंचित वर, 20 ला अर्ध्याच्या किंचित वर, 30 ला पाऊणच्या थोडा वर, 38 ला फुल. घाटात वळणावर काटा थोडा डोलतो, पेट्रोल हिंदकळतं म्हणून, सरळ रस्त्याला जागेवर येतो. आजोबांची गाडीतली वही आहे, त्यात 1974 पासून प्रत्येक वेळी किती लिटर भरलं आणि किती किलोमीटरवर ते लिहिलंय, त्याच वहीत मी काट्याचा हा तक्ता लिहून ठेवला. मागच्या रविवारी आईला घेऊन नारायणपूरला जाऊन आलो, काटा पावावर आल्यावर परतताना पंपावर थांबलो, टाकी फुल केली, 29 लिटर बसलं.